चालत्या प्रोसेसरचा स्वभाव बदलताना

प्रोसेसरमधली नवी सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली की तोच वाद दर वेळी नव्याने पेटतो. एका बाजूचे म्हणणे असे, की मायक्रोकोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रण-प्रोग्रामचा, अपडेट हातात आहे तर तो आत्ता, यंत्र बंद न करता चढवता आला पाहिजे; कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यात आडकाठी करतो म्हणजे जाणत्या माणसाला अक्कल शिकवतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की सुरळीत चाललेल्या यंत्राला हात लावूच नये. मग वेग हवा की स्थैर्य, असा सामना लागतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. मूळ प्रश्न एवढाच आहे, की प्रोसेसरच्या क्षमतांवर विसंबून कर्नलने आणि शेकडो प्रोग्रामांनी जे निर्णय आधीच घेऊन ठेवले आहेत ते अपडेटनंतरही खरे राहतील, याची हमी कोण देणार? माझे मत स्पष्ट आहे. मायक्रोकोड यंत्र सुरू होतानाच, कर्नलने प्रोसेसरची ओळख करून घेण्याच्या आधी चढवावा आणि त्यात कुचराई करू नये. चालत्या यंत्रावर तो चढवायचाच असेल, तर प्रोसेसरच्या निर्मात्याने त्या विशिष्ट अपडेटसाठी तशी लेखी हमी दिलेली असावी. हमी नसेल तर नकार देणे हे कर्नलचे कर्तव्यच आहे.

मायक्रोकोड ही काही अलीकडची कल्पना नाही. प्रोसेसरच्या नियंत्रणाचे काम तारांच्या जाळ्यात कायमचे कोरून टाकण्यापेक्षा छोट्या अंतर्गत प्रोग्रामच्या रूपात लिहावे, हे मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्येच मांडले होते, आणि १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० ने ते सर्वदूर नेले. पण विकलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राहकाच्या टेबलावर दुरुस्ती करता यावी, ही निकड इंटेलच्या बाबतीत जगाला दिसली ती १९९४ मध्ये. पेंटियममधला भागाकाराचा दोष गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या लक्षात आला, आणि चिपा बदलून देण्यापोटी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवावा लागला. १९९५ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोड बाहेरून बदलण्याची सोय होती. जुन्या पेंटियमला ती सोय नव्हती, म्हणून १९९७ मध्ये एका विशिष्ट इन्स्ट्रक्शनने अख्खे यंत्र गोठवण्याचा दोष उघड झाला तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमांना वळसे घालून वेळ निभावावी लागली. हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की अपडेटची सोय ही मोठी कमाई आहे आणि तिच्या विरोधात मी एक शब्दही लिहिणार नाही. माझा आक्षेप फक्त ती केव्हा आणि कशाच्या भरवशावर वापरली जाते याला आहे.

हा अपडेट चिपमध्ये कायमचा बसत नाही. वीज गेली, यंत्र रीसेट झाले की तो पुसला जातो, आणि पुढच्या वेळी बायोसला (यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामला) किंवा कर्नलला तो पुन्हा चढवावा लागतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये २०१३ च्या ३.९ आवृत्तीपासून इंटेलसाठी आणि थोड्याच काळात एएमडी या दुसऱ्या निर्मात्यासाठीही, बूटच्या (यंत्र सुरू होण्याच्या) अगदी सुरुवातीला हे काम उरकण्याची सोय झाली. अपडेटची फाइल सुरुवातीच्या रॅमडिस्कच्या (बूटच्या वेळी मेमरीत येणाऱ्या फायलींच्या गाठोड्याच्या) आरंभीच्या, संकुचित न केलेल्या भागात ठेवलेली असते. कर्नल ती उचलतो, प्रोसेसरला देतो, प्रोसेसर स्वाक्षरी तपासून ती स्वीकारतो आणि त्यानंतरच कर्नल प्रोसेसरला 'तुला काय काय येते' असे विचारतो. सगळी गोम या क्रमात आहे. मिळालेल्या उत्तरानुसार कर्नल स्वतःच्याच कोडमधल्या असंख्य जागा जागच्या जागी बदलून घेतो: ही सोय आहे म्हणून हा मार्ग, तो दोष आहे म्हणून तो बचाव. हा हिशेब बूटच्या वेळी एकदा होतो आणि मग यंत्र महिनोन्महिने त्यावर चालते. प्रोग्राम आणि लायब्ररीही तेच करतात. सुरू होताना एकदा विचारतात आणि उत्तर लक्षात ठेवतात.

आता चालत्या यंत्रात हे उत्तरच बदलले तर? २०१४ मध्ये त्याचा धडा मिळाला. इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांतल्या ट्रान्झॅक्शनल मेमरीच्या (मेमरीतले अनेक बदल एकसंध करण्याच्या) सोयीत दोष सापडला आणि कंपनीने मायक्रोकोडमधून ती सोयच काढून टाकली. सी भाषेची मूळ लायब्ररी, एकाच माहितीला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेल्या कुलुपांचे काम वेगाने व्हावे यासाठी हीच सोय वापरत होती. अपडेट चालत्या यंत्रावर चढला की आधीपासून चालू असलेले प्रोग्राम, आपल्याला माहीत असलेल्या उत्तराच्या भरवशावर, अस्तित्वातच नसलेली इन्स्ट्रक्शन देत आणि जागीच मरत. यात चूक कोणाची? अपडेट योग्य होता, लायब्ररी योग्य होती, प्रोग्रामही योग्य होते. त्यांच्यातला करार मात्र कोणालाही न विचारता मोडला गेला. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, तेही याच जातीच्या चुकीने. एरियान ४ साठी लिहिलेला, तिथे नीट चाललेला कोड नव्या रॉकेटवर तसाच नेला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, आणि ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावेना. कोडची एकही ओळ बदललेली नव्हती; बदलले होते ते तिच्या पायाखालचे गृहीतक. भागांची स्वतंत्रपणे कितीही परीक्षा घ्या, अशी चूक तिथे दिसत नाही.

चालत्या यंत्रावर अपडेट मागणाऱ्यांचे मुद्दे मात्र हलके नाहीत, आणि ते हलक्याने उडवून लावणाऱ्यांनी वादाचे नुकसानच केले आहे. हजारो सर्व्हर एकामागोमाग रीबूट करायचे म्हणजे आठवड्यांचे काम असते. मोठ्या मेमरीचा डेटाबेस पुन्हा तापून पूर्ण वेगाला येईपर्यंत तास जातात. काही यंत्रे अशा ठिकाणी असतात की त्यांच्या थांबण्याची वेळ महिने आधी ठरवावी लागते. त्या काळात त्रुटी उघडी राहते, आणि ती जाहीर झालेली असल्याने हल्लेखोरालाही ठाऊक असते. 'पुढच्या देखभालीच्या वेळी बघू' हे उत्तर मग सावधगिरीचे न राहता बेफिकिरीचे होते. शिवाय हेही खरे, की काही अपडेट चालत्या यंत्रावर चढवले तरी पूर्ण गुण देतात. २०२३ च्या डाउनफॉल त्रुटीवरचा मायक्रोकोड चढताच स्वतःहून बचाव सुरू करतो. कर्नलने काही वेगळे करावे लागत नाही. २०१९ मधल्या प्रोसेसरच्या अंतर्गत बफरांमधून माहिती गळण्याच्या दोषावर, नवा मायक्रोकोड असल्याचे दिसत नसले तरी बफर पुसण्याची इन्स्ट्रक्शन देत राहायची, असे कर्नलने ठरवले होते. न जाणो, खाली नवा मायक्रोकोड असेलही. तेव्हा 'चालत्या यंत्रावर कधीच नाही' हा नियम वस्तुस्थितीला धरून नाही. तो मला मान्य नाही.

पण या उदाहरणांतून निष्कर्ष कोणता निघतो? काही अपडेट चालत्या यंत्रावर सुरक्षित असतात, काही प्राणघातक असतात, आणि फाइलकडे बाहेरून पाहून दोहोंतला फरक कळत नाही. इंटेलचा मायक्रोकोड सांकेतिक रूपात बंद असतो. आत कोणती सोय काढली, कोणते रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवण-जागा) नवे आले, हे कर्नलला उघडून वाचता येत नाही. स्पेक्टर या प्रोसेसरमधून माहिती गळण्याच्या त्रुटीच्या वेळी, २०१८ च्या सुरुवातीला, मायक्रोकोडने नवी नियंत्रण-रजिस्टरे दिली. ती उपयोगी पडायची तर कर्नलने ती वापरली पाहिजेत, आणि वापरायची की नाही हे तो बूटलाच ठरवून बसलेला असतो. चालत्या यंत्रावर तो अपडेट चढवणाऱ्याला नवी आवृत्ती दिसत असे, समाधानही मिळत असे. बचाव मात्र मिळेलच असे नव्हते. त्याच वर्षी कर्नलमध्ये एक इशारा घालावा लागला: मायक्रोकोडनंतर प्रोसेसरच्या क्षमता बदललेल्या दिसतात, पण त्या लागू होतीलच असे नाही. असुरक्षित असूनही सुरक्षित वाटणे हे उघड्या त्रुटीपेक्षा वाईट. उघड्या त्रुटीसाठी निदान कोणी रीबूटची तारीख तरी मागतो.

अपडेट चढवण्याची क्रियाही वाटते तितकी सरळ नाही. प्रोसेसरच्या एका कोअरवर (स्वतंत्र गणन-भागावर) दोन थ्रेड (कामाचे समांतर धागे) चालत असतील तर मायक्रोकोडचे यंत्र दोघांत एकच असते. एका थ्रेडवर अपडेट चढत असताना दुसरा थ्रेड भलतीकडे असता कामा नये, कारण काही रजिस्टरे मायक्रोकोडच उभी करतो आणि अपडेटच्या त्या क्षणांत ती अक्षरशः नाहीशी होतात. दुसऱ्या थ्रेडने नेमके तेव्हाच त्यांना हात घातला, तर काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून कर्नलला सगळे कोअर एका जागी आणून उभे करावे लागतात. जोडीतला एक काम करतो, दुसरा स्वस्थ फेऱ्या मारतो. पण अडवता न येणारे इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरला दुसरीकडे वळवणारे संकेत) आहेत, हार्डवेअरमधल्या बिघाडाच्या सूचना आहेत, आणि कर्नलला न विचारता अंमल हातात घेणारे फर्मवेअरचे (बायोससारख्या, हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरचे) सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट आहेत. पहिल्यांचा बंदोबस्त लिनक्सच्या ६.७ आवृत्तीत कर्नलचे विकसक थॉमस ग्लाइक्सनर यांनी केलेल्या मोठ्या फेररचनेत झाला: सगळ्या कोअरना त्या न अडणाऱ्या इंटरप्टच्या हँडलरमध्येच (त्यांना उत्तर देणाऱ्या कोडमध्येच) आणून धरायचे, बंद करून ठेवलेल्या जोडीदार थ्रेडसुद्धा. शेवटच्या प्रकारावर कर्नलची सत्ताच चालत नाही. इतक्या बारकाईने रचलेली गोष्ट बहुतेक वेळा यशस्वी होते, यात शंका नाही. पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर कर्नलचे मूळ वर्तन ठरवायचे का?

'मोठे क्लाउडवाले हे सर्रास करतात, त्यांचे काही बिघडत नाही,' हे उत्तर यावर हमखास येते. बिघडत नाही हे मान्य. पण ते का, हे पाहायला हवे. ठरावीक प्रोसेसर, ठरावीक फर्मवेअर, स्वतःचा कर्नल, आणि एकेक अपडेट आधी चाचणीच्या यंत्रांवर चालवून पाहणारी माणसे त्यांच्याकडे असतात. निर्मात्याला थेट विचारण्याची सोयही असते. म्हणजे ज्या हमीबद्दल मी बोलतो आहे ती ते कष्टाने आणि पैशाने मिळवतात. एकट्या प्रशासकाकडे यातले काय असते? सिस्टिमच्या फाइलमध्ये '१' लिहिला की अपडेट चढतो, एवढेच. साधन एकच असले तरी त्यामागचे ज्ञान सारखे नाही, आणि कर्नलचे मूळ वर्तन ज्याच्याकडे ते ज्ञान नाही त्याच्याकडे पाहूनच ठरले पाहिजे.

मग 'यंत्र माझे, निर्णय माझा' या म्हणण्याचे काय? तो अधिकार कोणी काढून घेतलेलाच नाही. २०२२ च्या ५.१९ आवृत्तीपासून लिनक्सने चालत्या यंत्रावरचे लोडिंग मुळात बंद ठेवले. ज्याला हवे त्याने कर्नल बांधताना ते चालू करावे. निर्मात्याच्या हमीशिवाय ते वापरले की कर्नल स्वतःवर खूण करून ठेवतो, म्हणजे पुढे तक्रार आली तर ती वाचणाऱ्याला कळते की खालचा प्रोसेसर मधेच बदलला होता. याला मी बंदी म्हणणार नाही. त्रुटी शोधताना रात्रीच्या रात्री घालवणाऱ्या अनोळखी माणसाच्या वेळेचीही यात कदर आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.

६.७ मध्ये याहून पुढचे पाऊल पडले, आणि माझ्या मते वाद मिटवण्याची जागा तीच आहे. इंटेलच्या मायक्रोकोड फाइलच्या शीर्षभागात एक रकाना ठरवण्यात आला: या अपडेटसाठी चालत्या यंत्रावर किमान कोणती आवृत्ती आधीपासून असली पाहिजे. निर्मात्याने तो भरला, तर त्याचा अर्थ असा की त्या आवृत्तीपासून या आवृत्तीपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणारे आणि ती वापरत असलेले असे काही काढून घेतलेले नाही. रकाना रिकामा असेल तर हमी नाही. ही अट सक्तीची करण्याचा पर्यायही कर्नलने दिला. जो आतले जाणतो तो सही करतो आणि कर्नल ती सही वाचतो. कर्नलच्या स्वतःच्या कोडला चालू असताना ठिगळ लावण्याची सोय २०१५ च्या ४.० आवृत्तीत आली, तेव्हा तिच्याभोवतीचा सगळा खल हाच होता: कोणता टास्क (चालू काम) जुन्या फंक्शनमध्ये (कोडच्या तुकड्यात) अडकलेला आहे, त्याला नव्यावर केव्हा आणायचे, मधल्या काळात जुने आणि नवे एकमेकांच्या अंगावर आले तर काय. त्या खलाला कोणी आडमुठेपणा म्हटले नाही. मग ज्याच्या पोटात डोकावताच येत नाही त्या मायक्रोकोडला कमी कसोटी का लावायची?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. 'चालते आहे ते चालू द्या' म्हणणाऱ्यांकडे जानेवारी २०१८ चा दाखला आहे, आणि तो जबर आहे. स्पेक्टरवरचा मायक्रोकोड घाईने बाहेर आला, इंटेलच्या हॅसवेल आणि ब्रॉडवेल प्रोसेसरांची यंत्रे आपोआप रीबूट होऊ लागली, आणि २२ जानेवारीला इंटेलने स्वतःच तो पसरवणे थांबवण्यास सांगितले. मायक्रोसॉफ्टला तो बचाव बंद करणारा अपडेट वेळापत्रकाबाहेर काढावा लागला. निर्मात्याचा शब्द आंधळेपणाने घेऊ नये, हे यातून सिद्ध झाले. पण पुढे काय झाले तेही पाहावे. लिनक्सने सदोष आवृत्त्यांची यादी कर्नलमध्ये ठेवली. बूटच्या वेळी त्यातली एखादी दिसली, तर तिने दिलेल्या नव्या सोयी वापरायच्या नाहीत. आणि अपडेट चिपमध्ये कायमचा बसत नसल्याने परतीची वाटही मोकळी होती: जुनी फाइल ठेवा, रीबूट करा. बूटच्या वेळी अपडेट चढवण्याचा हा गुण फारसा कोणी बोलून दाखवत नाही. तिथे चूक परतवता येते. चालत्या यंत्रावर चढलेला अपडेट मागे घ्यायला शेवटी रीबूटच लागतो, म्हणजे जो टाळण्यासाठी हा खटाटोप केला तोच.

न बदलण्याचीही किंमत असते, आणि कधी ती परत न मिळणारी असते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागण्याचा दोष मायक्रोकोडने दुरुस्त झाला. पण तोवर झिजलेल्या चिपा त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नाहीत, हे कंपनीनेच सांगितले. वाट पाहणाऱ्याचे यंत्र तिथे दररोज थोडे थोडे खराब होत होते. डाउनफॉलवरच्या बचावाने काही कामांचा वेग ५० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, हे इंटेलने मान्य केले होते. ज्याला तो तोटा परवडत नाही त्याने जोखीम ओळखून बचाव बंद करावा. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय झाला. पण अपडेटच न घेणे हा निर्णय टाळण्याचा प्रकार आहे. हे बायोसवर सोडून द्यावे, असेही काही जण सुचवतात. बोर्ड बनवणाऱ्यांनी काही वर्षांनी नवे बायोस देणे बंद केले, की त्या यंत्रांना कर्नलखेरीज वाली उरत नाही.

बंद, न वाचता येणारा कोड आपल्या यंत्रात घ्यायचाच का, हा मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्यांचा प्रश्न मला मनापासून पटतो, त्यांचे उत्तर मात्र पटत नाही. अपडेट नाकारल्याने प्रोसेसर खुला होत नाही. कारखान्यातून आलेला, तितकाच बंद आणि वर सदोष मायक्रोकोड आत चालूच राहतो. अविश्वास ठेवायचाच असेल तर तो कामाला लावावा. त्याचे उदाहरण २०२५ मध्ये मिळाले. गुगलच्या संशोधकांनी दाखवले, की एएमडीच्या झेन प्रोसेसरांत मायक्रोकोडची स्वाक्षरी तपासण्याची पद्धतच कमकुवत होती. कर्नलच्या पातळीचे अधिकार असलेला कोणीही स्वतः रचलेला मायक्रोकोड चढवू शकत होता. यादृच्छिक संख्या देणाऱ्या इन्स्ट्रक्शनकडून दर वेळी ४ हेच उत्तर मिळवून त्यांनी ते सिद्ध केले. त्यावर लिनक्सने अधिकृत अपडेटांचे एसएचए-२५६ ठसे (फाइलमधून गणिताने काढलेल्या ओळख-संख्या) स्वतःच्या कोडमध्ये ठेवले आणि ज्याचा ठसा जुळत नाही तो अपडेट चढवायचे नाकारले. निर्मात्याची स्वाक्षरी हेच एकमेव कुलूप नसावे, कर्नलने दाराशी स्वतःही उभे राहावे, ही भूमिका मला योग्य वाटते. बूटच्या वेळची शिस्त आणि हमीची मागणी त्याच भूमिकेतून येतात.

म्हणून रोख कर्नलच्या देखभालकर्त्यांकडून निर्मात्यांकडे वळला पाहिजे. इंटेलने तो रकाना प्रत्येक अपडेटमध्ये जबाबदारीने भरावा. एएमडीच्या अपडेटमध्ये असा रकानाच नाही; म्हणून ६.७ मध्ये किमान आवृत्तीची सक्ती चालू केली, तर त्यांचे चालत्या यंत्रावरचे लोडिंग कर्नल सरसकट नाकारतो. ही उणीव त्यांनी भरून काढावी. प्रत्येक आवृत्तीत काय बदलले ते मोकळेपणाने लिहावे. ऑगस्ट २०१८ मध्ये इंटेलने मायक्रोकोडच्या परवान्यात वेगाच्या तुलना प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे कलम घातले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले, तशा वाटेने पुन्हा कोणी जाऊ नये. रीबूटच्या खर्चाचा प्रश्न उरतो. त्यावरचा प्रामाणिक उपाय यजमान यंत्रावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी यंत्रांना आधीच रीबूट झालेल्या दुसऱ्या यजमानावर चालू स्थितीत हलवणे हा आहे, आणि तो आज वापरात आहे. मात्र आभासी यंत्राला स्वतः मायक्रोकोड चढवता येत नाही, आणि त्याच्या प्रोसेसरच्या क्षमता ते सुरू झाले तेव्हाच ठरलेल्या असतात. म्हणून खालचा मायक्रोकोड बदलला आहे आणि नवा बचाव मिळवायचा तर यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागेल, हे आभासी यंत्र भाड्याने घेणाऱ्याला स्पष्टपणे कळवणे यजमानावर बंधनकारक हवे.